दोन बाटल्यांचा नियम

किस्से कोणी गोळा करत नाही. मेलेल्या जनावरावर माशीला कोणी आवतण देतं का? ती येते, बसते, उडून जाते. मागे जे ठेवून जाते ते आपोआप वाढत राहतं. आमच्या चौकीचे किस्सेही असेच वाढले. आता घरी बसून आहे, तर म्हटलं लिहावे. मी चौथी पास. पण लिहितो ते डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो.

मी जंगल खात्यात चौकीदार होतो. बालाघाट जिल्ह्यात, लालबर्राच्या पुढे जंगलात आमची चौकी. आम्ही तिघं. मी, फगनू आणि बिसन. फगनू तिथल्याच गावचा, हिंदीत बोलायचा. बिसन खैरलांजीकडचा, आपल्या बोलीचा. दोघंही मला मामा म्हणत. मी पक्का नोकर, ते दोघं रोजंदारीवर.

बिसनला सोळा वर्षं झाली होती. पक्के करायच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. साहेबांची शेवटची सही तेवढी बाकी होती. त्यानं आधीच बालाघाटला जाऊन खाकी शिवून आणली आणि घडी करून पेटीत ठेवली. सही झाल्याशिवाय घालायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

"कधी घालतं रे?" मी विचारायचो.

"सही झाली का घालतो, मामा. पन तोवर पोट सुटलं तं काय करू?"

ती खाकी लक्षात ठेवा. सोळा वर्षांत त्या माणसानं तेवढंच मागितलं होतं.

* * *

आमच्याकडे एक मॅडम आल्या. अमरावतीच्या. अळ्यांवर अभ्यास करायच्या. रेंजर साहेबांनी आम्हाला उभं करून सांगितलं, "मैडम जो माँगे, वो देना."

मॅडम म्हणाल्या, "सध्या काही मेलेलं आहे का?"

फगनूनं बराच विचार केला. "अभी तो नहीं है, मैडम. कल तक देखते हैं."

पुढे दोन वर्षं रोज सकाळी जीपमधून उतरल्या की त्यांचा हाच प्रश्न. बिसन हात जोडून सांगायचा, "आज सगळे खुशाल हायेत मॅडम. माफ करा."

सवय वाईट असते. एकदा लालबर्राला चहाच्या टपरीवर मॅडमनी तेच विचारलं. मोठ्यानं. टपरीवाल्याचा आजारी बाप बाहेर खाटेवर पडून होता. महिन्याभरात कोणाशी बोलला नव्हता. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "अजून नाही, बाई. पन माह्या नावाची चिठ्ठी करून ठेवा."

मॅडम चहा टाकून उठल्या. म्हातारा तिसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर मॅडम लालबर्राला चहा प्यायल्या नाहीत.

* * *

पुसाच्या थंडीत एक म्हातारा रानगवा मेला. मोठं जनावर मेलं की साहेब लोक येईपर्यंत चौकीदारानं पहारा द्यायचा, असा नियम. साहेबांना यायला पाच दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी बिसन धापा टाकत चौकीवर आला.

"मामा, गवा जित्ता हाये."

"चार दिवसांपासून मेलेला जित्ता कसा होईन?"

"पोट गरम हाये. मी हात शेकाले ठेवला. श्वास घेऊन राह्यला."

मी गेलो. गवतावर दव गोठलं होतं. गव्याच्या डोळ्यांत काही उरलं नव्हतं. पण पोट खरंच हलत होतं. वर, खाली. वर, खाली. झोपलेल्या माणसासारखं. मी पुष्कळ मेलेली जनावरं पाहिली आहेत. तरी दोन पावलं मागे सरलो, हे कबूल करतो. मग हात ठेवला. तापकऱ्याच्या कपाळासारखं गरम होतं.

मॅडम आल्या. त्यांनी गुडघे टेकून पोटाला कान लावला आणि बिसनला म्हणाल्या, "ऐका."

बिसननं कान लावला. पुष्कळ वेळ ऐकत राहिला. नंतर म्हणाला, "मामा, अंदर फोडणी देऊन राह्यले."

मीही ऐकलं. तडतड, तडतड. कढईत राई टाकल्यावर होतो तोच आवाज, फक्त लांबून आलेला. हजारो अळ्या खात होत्या. त्यांच्या गर्दीनं पोट हलत होतं, आणि त्यांच्याच उबेनं गरम झालं होतं.

त्या दुपारी फगनूनं चौकीवर वरणाला फोडणी दिली. राई तडतडली आणि बिसन ताटावरून उठून गेला. महिनाभर त्यानं बिनफोडणीचं वरण खाल्लं.

* * *

चौकीमागच्या खोलीत मॅडमचं सामान असायचं. किल्ली माझ्या करगोट्याला. एकदा मॅडमनी एका ताटात शंभर अळ्या मोजून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी एकसष्ट भरल्या. तिसऱ्या दिवशी चाळीस.

फगनू नाल्यावर गळ टाकायचा. मॅडमनी त्याला गोड बोलून विचारलं, "फगनू, आजकाल मासे फार मिळतात का?"

फगनू बडादेवाची शपथ घेऊन म्हणाला, "मैडम, हम केंचुआ लगाते हैं." केंचुआ म्हणजे गांडूळ.

मला राग आला. किल्ली माझ्याकडे होती. चोरी झाली असेल तर ती माझ्याच हातून झाली, असाच त्याचा अर्थ. मी सकाळी खोलीत गेलो, दार आतून लावलं आणि ताटासमोर बसलो. उन्हं उतरेपर्यंत उठलो नाही.

ताटात दोन जातींच्या अळ्या होत्या. एक नितळ, सोललेल्या तांदळासारखी पांढरी. दुसरीच्या अंगावर काटे. दोन्ही एकाच मांसावर शेजारी शेजारी होत्या. मग एक काटेरी सरकली आणि नितळ अळीच्या कमरेला वेढा घालून बसली. लेकरू आईच्या गळ्यात पडतं तशी. मला वाटलं विसावा घेत असेल. थोड्या वेळानं नितळ अळी बारीक दिसू लागली. मग अजून बारीक. मग नुसती कातडी राहिली. काटेरी तिला सोडून शेजारच्या अळीकडे गेली.

कुठे झटापट नाही. आवाज नाही. शेजारची अळी पळालीही नाही. संध्याकाळपर्यंत मी अकरा मोजल्या.

बाहेर येऊन मॅडमना सांगितलं, "चोर ताटातच हाये."

मॅडमनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी वहीत किती वेळ लिहिलं! मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

तेव्हापासून मॅडमनी नियम केला. दोन बाटल्या. जाड काचेच्या, झाकणाला बारीक भोकं. नितळ एकीत, काटेरी दुसरीत. प्रत्येकीत भुसा आणि कलेजीचा तुकडा. "मामा, पोट भरलेलं असलं तर काटेरी गुमान राहते. उपाशी ठेवली तर सोबतीणच खाते."

दोन बाटल्या पिशवीत असल्याशिवाय मी पुन्हा कधी जंगलात पाऊल टाकलं नाही. कॉलेजची पोरं पाहायला आली की मॅडम त्यांना सांगायच्या, "बाटली कशी भरायची ते मामांकडून शिका. मामा चुकत नाहीत."

ते मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

* * *

एक दिवस मॅडमनी सांगितलं की आपल्याकडची काटेरी कशी तरी अमेरिकेत पोचली. आता तिथल्या अळ्या खाते.

"पासपोर्ट किसने बनाया?" फगनू म्हणाला.

"नाव काढलं म्हना आपल्या गावचं," बिसन म्हणाला.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, तिथल्या अळीनं असा शत्रू कधी पाहिला नव्हता, ती फसते. आपल्याकडची नितळ अळी मात्र पिढ्यानपिढ्या काटेरीसोबत राहिली आहे. म्हणून ती सगळ्यांच्या आधी येते, घाईघाईनं खाते, भरभर वाढते आणि काटेरी मोठी व्हायच्या आत उतरून मातीत शिरते.

"म्हंजे आपली अळी हुशार हाये," बिसन म्हणाला.

"हुशार नाही," मॅडम म्हणाल्या. "भ्यालेली आहे."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती आम्ही तिघांनीही नीट ऐकली. नितळ माशी जनावर मेल्याबरोबर येते. तिची अळी केवढी झाली ते मोजलं की कोणत्या दिवशी मेलं ते कळतं. काटेरी मागून येते. तिनं नितळ खाऊन टाकल्या आणि फक्त काटेरीच सापडल्या, तर हिशोब चुकतो. जनावर मेलं त्यापेक्षा उशिरा मेलं असं दिसतं.

"मागून येणाऱ्याले आधीचं काय माहीत," बिसन म्हणाला. "साक्षीदारच खाल्ला नं तिनं."

रेंजर साहेबांचा यावर विश्वास नव्हता. त्यांनी एक मेलेलं रानडुक्कर दाखवलं आणि म्हणाले, बताइए. मॅडमनी मोठ्यात मोठी नितळ अळी शोधली, मोजली, थंडी किती होती ते विचारलं आणि दिवस सांगितला. साहेबांनी खिशातून कागद काढला. त्यावर तोच दिवस लिहिला होता.

त्या दिवसापासून साहेबांच्या तोंडी एकच वाक्य बसलं. "आदमी झूठ बोलता है. कीड़ा नहीं."

* * *

मग वाघ मेला.

नाल्याची फेरी आम्ही तिघं आठवड्यानं वाटून घ्यायचो. सोमवारी पाळी बदलायची. रोज नाल्याच्या काठानं जांभळाच्या झाडापर्यंत जायचं, परत यायचं, रजिस्टरात लिहायचं आणि सही करायची. रविवारपर्यंत माझा आठवडा होता. सोमवारपासून बिसनचा.

गुरुवारी वारा फिरला आणि बिसनला वास आला. तो जांभळाखालच्या घळीत उतरला. वरच्या वाटेवरून ती घळ दिसत नाही. खाली वाघ पडला होता. पंज्याची चार नखं कापून नेलेली होती.

रेंजर साहेब आले, जनावरांचे डॉक्टर आले. डॉक्टर म्हणाले, मेल्याबरोबर नखं काढली आहेत. म्हणजे ज्या दिवशी वाघ मेला त्या दिवशी चोर इथंवर आले आणि फेरीवरच्या माणसाला दिसले नाहीत. तो एक तर फेरीवर आलाच नव्हता, नाहीतर चोरांना सामील होता.

साहेबांनी विचारलं, "किसके हफ्ते में मरा?"

बिसन म्हणाला, "साहेब, जुनं वाटते. माह्या आधीचं असन." मग माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "असन म्हंजे... मले काय माहीत."

माझ्या आठवड्याच्या रजिस्टरात सातही दिवस फेरी लिहिलेली आहे. जांभळापर्यंत. अक्षर माझं आहे, सही माझी आहे. त्या आठवड्यात माझा गुडघा सुजला होता. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

मॅडम परीक्षेसाठी अमरावतीला गेल्या होत्या. साहेब म्हणाले, "बोतल आप भरो, मामा. मैडम को भेजेंगे. आप गलती नहीं करते."

मी पिशवी घेऊन घळीत उतरलो. पिशवीत नेहमीचं सामान होतं. चिमटा, भुसा, दोन बाटल्या, आणि सकाळीच फगनूनं आणलेली कोंबडीची कलेजी.

वाघाच्या मानेखाली काटेरींची गर्दी होती. लहानच होत्या अजून. नितळ जवळजवळ नव्हत्या. मी कातडं उचललं. खाली सात सापडल्या. मोठ्या, जाड, पूर्ण वाढलेल्या, मातीत उतरायला निघालेल्या. त्या थंडीत तेवढं वाढायला किती दिवस लागतात ते मला माहीत होतं. सोमवारच्या कितीतरी आधीचे दिवस.

घळीच्या काठावर बिसन बसला होता. त्यानं वरून विचारलं, "मामा, मोठ्या भेटल्या काय? नितळ?"

"हौ," मी म्हणालो. "भेटल्या."

तो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा. "मंग झालं. आता त्याच सांगतीन."

संध्याकाळी साहेबांसमोर वाघ जाळला. तसाच नियम आहे. नख, केस, हाड, काही उरू द्यायचं नाही. आग एवढी होती की घळीतली मातीही भाजून लाल झाली.

बाटली जीपनं गेली. अमरावतीला पोचायला तीन दिवस लागले.

मॅडमचा फोन आला. "मामा, यात सगळ्या काटेरीच आहेत."

"हौ."

"आणि बाटली एकच आली."

"एकच होती."

मग त्या म्हणाल्या, "कलेजी दिसत नाही."

"राह्यली असन."

"मामा, तुम्ही तर कधी..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग फोन ठेवला. बाटलीत जे होतं तेच त्यांनी कागदावर लिहिलं. वाघ सोमवारनंतर मेला.

चौकशीत बिसन म्हणाला, "साहेब, मोठ्या अळ्या होत्या. मामाले भेटल्या होत्या. मी काठावरून विचारलं होतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "वरून त्याले काय दिसते, साहेब."

हे खोटं नव्हतं. वरून घळीतलं काही दिसत नाही.

साहेब म्हणाले, "कीड़ा झूठ नहीं बोलता, बिसन."

त्याचं नाव यादीतून कापलं आणि कामावरूनही काढलं. जाताना त्यानं पेटी उघडून खाकी फगनूला दिली. फगनू पुढे पक्का झाला. ती खाकी त्याला खांद्यात सैल होते.

मॅडम परत आल्या नाहीत. त्यांचं सामान न्यायला दुसरंच कोणी आलं. मी किल्ली दिली. सामान यादीप्रमाणे बरोबर भरलं. एक बाटली कमी होती, पण एवढ्या-तेवढ्यासाठी कोणी विचारलं नाही.

* * *

बिसन आता नागपुरात एका इमारतीच्या गेटवर बसतो. निळे कपडे मिळाले आहेत. दिवाळीत खैरलांजीला येतो, तेव्हा बालाघाटला आमच्याकडे एक दुपार येतोच. मी बोलावत नाही. येऊ नको असंही म्हणत नाही.

यंदाही आला. वाकून पाया पडला. माझा गुडघा कसा आहे ते विचारलं.

"बरा हाये," मी म्हणालो.

"तवाही असाच सुजला होता नं, मामा? त्या हप्त्यात."

"होता."

आमच्या बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघर सरळ दिसतं. बायको वरणाला फोडणी देत होती. तिनं फळीवरून राईची बाटली काढली. काचेची, जाड. झाकणाला बारीक भोकं आहेत. पावसाळ्यात राई दमट होते म्हणून ती भोकांवर कागद चिकटवून ठेवते.

बिसन त्या बाटलीकडे पाहत राहिला.

"मामी, बाटली मजबूत हाये. कोठून आनली?"

"ह्यांनीच आनली बापा, जंगलातून," बायको म्हणाली. "वाघ जाळला नं, त्याच दिवशी पिशवीत घेऊन आले. कलेजीचा तुकडाही होता, तो कुत्र्याले टाकला. मी म्हटलं चांगली कोरी बाटली हाये, फेकता काहून?"

बिसन हौ म्हणाला. अगदी हळू.

बायकोनं राई तेलात टाकली. तडतड, तडतड. मी ताटाकडे पाहत होतो. बिसन उठेल असं वाटलं. तो उठला नाही. मांडी घालून नीट बसला, डोळे मिटले, आणि कढईच्या दिशेनं थोडा कान केला, त्या गव्याच्या पोटाला लावला होता तसा.

आवाज थांबल्यावर त्यानं डोळे उघडले.

"वाढा, मामी," तो म्हणाला. "मामाले आधी वाढा."